येळवशीच्या दिवशीचं ओसाड गाव

येळवशीच्या दिवशी घरात बसणारा माणूस आमच्याकडे एक तर आजारी असतो किंवा आडमुठा. मी आजारी नव्हते.

ऐन थंडीतली ही अमावस्या. कॅलेंडरवाले तिला वेळ अमावस्या म्हणतात, आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी गंगाखेड, पालमकडची माणसं घरांना कुलपं घालून शेतात जातात. कडब्याची कोपी उभी करतात, तिच्यात पूजा मांडतात आणि मग दुपारभर नुसतं जेवण चालतं. खीर, बाजरीच्या पिठाचे उंडे, गाडग्यातली आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे कोवळे दाणे आणि हाताला लागेल ती भाजी डाळीच्या पिठात शिजवून केलेला तो दाट रस्सा असतो. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावून नेतात. बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसालाही हाका मारून बसवतात, आणि नको म्हटलं तर खरोखर रागावतात. आम्हाला शेत नाही. आम्ही बौद्ध, त्यामुळे कोपीतल्या पूजेशी आमचा संबंध नाही, पण भज्जीशी आहे. बाबा दरवर्षी टोपी घालता घालता म्हणतात, "पूजेला न्हाई, जेवायला चाललो."

या वर्षी सकाळी शेजारीण बोलवायला आली. माझा नवरा आणि मुलगी तिच्या ट्रॅक्टरमध्ये बसून गेलेसुद्धा. मी म्हटलं, आम्ही दोघं घरीच थांबतो, बाबांना थंडी बाधेल. बाबांना मी विचारलं नव्हतं. खरं कारण वेगळंच होतं. माझ्याकडे एक पुस्तक आलं होतं आणि मला दिवसभर कोणी नको होतं.

साहसाच्या पुस्तकांचं मला वेड आहे. बर्फ, कडे, तंबू, वादळात हरवलेली होडी, असलं काहीही चालतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पंचवीस वर्षं शिकवते आहे. आयुष्यात सगळ्यात उंच चढले ती शाळेच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, तीही मागून दोघींनी ढकलल्यावर. पण कोणत्या शिखरावर वारा कोणत्या बाजूने येतो हे मला झोपेतून उठवून विचारा. वर्गातली मुलं मला गमतीनं काय म्हणतात तेही मला माहीत आहे, ते इथं लिहीत नाही.

हे पुस्तक मात्र डोंगराचं नव्हतं, आमच्या नदीचं होतं. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. पुण्याचा एक तरुण बारा वर्षांपूर्वी तिच्या उगमापासून काठाकाठानं चालत निघाला होता. चालत चालत तो आमच्या गावात आला, तो नेमका येळवशीच्या दिवशी. बाबा तेव्हा गावात एकटे राहत होते, मी गंगाखेडला. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाबांनी त्याला नदीपलीकडे सोडलं. तरुण असताना बाबा टपालाची थैली घेऊन रोज नदी ओलांडत असत, त्यामुळे पाण्याला उतार कुठं मिळतो हे त्यांना पाठ होतं. निघताना त्या पोरानं बाबांचं नाव वहीत लिहून घेतलं आणि सांगितलं, पुस्तकात तुमच्याबद्दल लिहीन.

बस. बाबांनी मला सांगितलं ते एवढंच. पण तेव्हापासून मी कोणतंही पुस्तक उघडलं की ते विचारत, "ह्याच्यात हाय का मी?" दहा वर्षांपूर्वी मी त्यांना गंगाखेडला आणलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, ऐंशी ओलांडली, तरी प्रश्न तोच. मी हसून न्हाई म्हणायचे. गेल्या आठवड्यात परभणीच्या पुस्तक प्रदर्शनात मुखपृष्ठावर नदी दिसली, अनुक्रमणिकेत गंगाखेड दिसलं, आणि मी ते तिथल्या तिथं विकत घेतलं. आतलं पान मात्र उघडून पाहिलं नाही. बाबांबरोबरच वाचायचं ठरवलं होतं.

तर अशी ती सकाळ. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अंगणात उन्हाला बाज टाकली, बाबांना मफलर गुंडाळून बसवलं आणि शेजारी खुर्ची ओढून मी मोठ्यानं वाचायला लागले.

त्याचं लिहिणं वाईट नव्हतं, हे मला कबूल करावं लागेल. सुरुवातीला तर मी रंगून गेले होते. बाबा मधूनमधून हिशेबी प्रश्न विचारत होते.

"आलो का मी?"

"अजून न्हाई बाबा. अजून नाशकाकडंच हाय तो."

"लय हळू चालायलाय." मग थोड्या वेळानं, "खाल्लं काय त्यानं तिथं?"

"खजूर अन् काजू."

"त्याच्यानं काय व्हतंय."

पैठण मागं पडलं आणि त्याची लेखणी बदलली. मराठवाड्यात आत शिरल्याबरोबर या माणसाला सगळं उजाड दिसायला लागलं. पानापानावर तडे गेलेली जमीन, पानापानावर सुकलेले चेहरे. मला कळेना. पौष तोंडावर आला की आमच्याकडे काय असतं ते मी जन्मभर बघत आलेय. ज्वारी डोक्याएवढी झालेली असते, करडईला पिवळी फुलं येतात, हरभरा गुडघ्याला लागतो आणि त्याच्या पानांवरच्या आंबेनं हात चरचरतात. दुष्काळ आम्ही पाहिलाय, तो असला की आम्हीच ओरडून सांगतो. पण हिरव्या रानातून चालत जाऊन उजाड लिहायचं म्हणजे काय? त्यानं काळा चष्मा लावला होता का, असं मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "व्हता की. लावला व्हता."

मग ते पान आलं. गावाचं नाव नव्हतं, पण नदीकाठचं मारुतीचं देऊळ आणि त्यामागची वाकडी चिंच आमचीच होती. मी थांबले. सवयीप्रमाणे डोळ्यांनी पुढचं आधी वाचून घेतलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानं लिहिलं होतं की या गावात एकही माणूस नव्हता. दारोदार कुलपं, चुली थंड, गल्ल्या रिकाम्या. भुकेनं अख्खं गाव देशोधडीला लागलं होतं, असं त्याचं म्हणणं. त्याचे डोळे म्हणे भरून आले. देवळाच्या भिंतीला टेकून एकच म्हातारा बसला होता, जाणाऱ्यांनी मागं टाकून दिलेला, पोटच्या मुलांनीही सोडलेला. त्याला यानं आपल्याजवळचा बिस्किटांचा पुडा दिला. म्हाताऱ्यानं थरथरत्या हातानं नदीकडे बोट दाखवलं. पुढे यानं पाण्याचा रंग बघून उतार हेरला, पिशवी डोक्यावर घेतली आणि एकट्यानं नदी पार केली. चित्तथरारक दोन पानं.

नाव कुठंच नव्हतं. म्हातारा, एवढंच.

अरे शहाण्या, येळवस होती ती! गाव देशोधडीला लागलं नव्हतं, शेतात भज्जी खात होतं. मैलभर पुढं गेला असतास तर तुला बांधाबांधावरून हाका आल्या असत्या. कुलपं बघून रडू येतं, पण कुलपं का लागली हे एका माणसाला विचारावंसं वाटत नाही? आणि खोटं कशाला बोलू, त्या साऱ्यात मला सगळ्यात जास्त झोंबली ती 'मुलांनी सोडलेला' ही ओळ. कारण त्या येळवशीला मी गंगाखेडात होते. एसटीनं तासाभराचा रस्ता. आई गेल्यानंतरची पहिली येळवस, बाबा एकटे, आणि मी सुट्टी घेऊन घरात कुठल्यातरी बर्फाळ देशाचं पुस्तक वाचत पडले होते. पण म्हणून मी त्यांना टाकलं होतं का? पुण्याच्या या पाहुण्यानं ते ठरवायचं?

"कामून थांबलीस?" बाबांनी विचारलं. "आलो का?"

"आलात," मी म्हटलं.

बाबा ताठ बसले. मफलर कानावरून खाली घेतला. या माणसानं बारा वर्षं या पानाची वाट पाहिली होती आणि आता ते पान माझ्या हातात होतं. माझ्याच्यानं वाचवेना. मी पुस्तकाकडे बघत मनचं सांगायला लागले. नदीकाठी एक सुंदर गाव लागलं. तिथं मला एक काटक, देखणे गृहस्थ भेटले. त्यांचं नाव अमुक अमुक. या नदीचा त्यांच्याएवढा जाणकार मी पाहिला नाही. कंबरेएवढ्या पाण्यातून त्यांनी मला हाताला धरून पलीकडे नेलं. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू वाचायलीस का सांगायलीस?"

"वाचायलेय की."

"वाचताना तू दम घेतीस. आता घेईना गेलीस. अन् कंबरेएवढ्या पाण्याला त्याला माझी काय गरज पडली व्हती? छातीच्या वर व्हतं पाणी. काय लिवलंय ते वाच."

मी वाचलं. रागाच्या भरात वाचलं, गावाबद्दलचा एकही शब्द न गाळता, 'मुलांनी सोडलेला' हेसुद्धा. नदीचा भाग तेवढा मी वाचला नाही, पुस्तक मांडीवर आपटून म्हटलं, "हे असले लोक! येळवस काय असती हे ठाऊक न्हाई, अन् चालले गंगा लिवायला."

बाबा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मला वाटलं, ते माझी समजूत घालताहेत.

"त्याला ठाऊक न्हवतं कसं?" ते म्हणाले. "अगं, तो जेवला की! म्या त्याला देवळापून शेजाऱ्याच्या शेतात घिऊन गेलतो. तीन तांबे आंबील पिला. भज्जी दोनदा घेतली. कोपीचे फोटू काढले. ह्याला काय म्हणतेत, त्याला काय म्हणतेत, समदं इचारलं अन् वहीत लिवून घेतलं. बायांनी त्याला वाटंला उंडे बांधून देले."

अडाणीपणा मी माफ केला असता. वर्गात रोज करते, पोट त्याच्यावरच चालतं. पण हा माणूस आमच्या माणसांच्या पंगतीत बसून पोटभर जेवला, बांधून दिलेलं घेऊन गेला, आणि भरल्या पोटानं त्यानं आमचं गाव उपाशी मारलं. कशासाठी? जेवणाऱ्या गावापेक्षा ओसाड गाव छापायला बरं दिसतं म्हणून. वाचणाऱ्याचा गळा दाटून येतो म्हणून. आणि पुण्यामुंबईच्या कशाला, मी स्वतः हे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याबद्दल वाचलं असतं तर माझाही गळा दाटला असता. आजवर अशा किती ओसाड गावांसाठी मी हळहळले असेन कोण जाणे. तिथली माणसंही त्या दिवशी कुठंतरी जेवायलाच गेली असतील.

"बिस्किटाचा पुडा?" मी विचारलं.

"देलता. पोरांत वाटला म्या." बाबांचं हसू थांबलं होतं. "अन् गंगा? गंगेचं काय लिवलंय?"

मी टाळायला बघत होते. पण आता टाळून काय होणार होतं? वाचलं. पाण्याचा रंग, उतार हेरणं, डोक्यावर पिशवी, एकट्यानं पार.

या वेळी ते हसले नाहीत. ओसाड गावाचं त्यांना काही वाटलं नव्हतं, टाकून दिलेल्या म्हाताऱ्याचंही नाही. पण हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. ते मफलरच्या टोकाशी चाळा करायला लागले.

"त्याला पव्हता येत न्हवतं," ते म्हणाले. "खाली बंधारा झाल्यापून आमचा जुना उतार बुडलेला. आडवं न्हाई, तिरकं जावं लागतंय, वाळूच्या अंगानं. मधी गेल्यावर त्याचे पाय सुटले. रडायला लागला. दोन्ही हातानं माझी मान धरली व्हती. म्या म्हणलं, धर, पण गळा दाबू नको, दोघं बी जाऊ. तसाच नेला. पलीकडं गेल्यावर माझ्या पाया पडला."

बारा वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते. सोडलं पलीकडं, या दोन शब्दांमागं एवढं होतं.

मग मात्र माझा तोल गेला. मी आत जाऊन वही आणि पेन घेऊन आले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता प्रकाशकाला पत्र लिहिते. वर्तमानपत्राला लिहिते. त्या माणसाचा पत्ता शोधून काढते. त्याला इथं बोलावून अख्ख्या गावासमोर हे पान वाचायला लावते. मी मोठमोठ्यानं बोलत होते आणि ऐकायला गल्लीत कोणी नव्हतं.

"लिहितेच आता," मी म्हटलं आणि मोठ्यानं म्हणत म्हणत लिहायला लागले. "माझ्या वडिलांनी तीस वर्षं टपालाची थैली डोक्यावर घेऊन..."

"सव्वीस," बाबा म्हणाले.

"सव्वीस वर्षं थैली डोक्यावर घेऊन..."

"डोक्यावर न्हाई. थैली गळ्यात बांधायची, वर. डोक्यावर धोतर."

मी खोडलं. "रोज ही नदी ओलांडली. उन्हाळा, पावसाळा..."

"पावसाळ्यात कसं वलांडशील? पावसाळ्यात लांबून, नावंनं."

मी पुन्हा खोडलं. वहीच्या पानावर आता खोडलेल्याच ओळी जास्त होत्या. नाव कोणाची होती, कुठल्या घाटावरून सुटायची, मला माहीत नव्हतं. सकाळी किती वाजता निघायचे, माहीत नव्हतं. पलीकडे थैली कोणाला द्यायचे, परत येताना थैली भरलेली असायची की रिकामी, तेही नाही. मी लहान असताना ते ओल्या अंगानं घरी यायचे आणि आई चुलीपुढं त्यांना बसवायची, एवढंच एक डोळ्यांपुढं होतं.

"तुला काय मालूम हाय माय," बाबा म्हणाले, "तू लिवणार काय?"

"तुमी कधी सांगितलंच न्हाई."

"तू कवा इचारलंस?"

ते रागावले नव्हते. ऊन कुठं सरकलंय ते सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. माझ्या कपाटात चार फळ्या भरून लोकांची साहसं होती आणि त्यातलं प्रत्येक मी दोनदा वाचलेलं होतं.

"त्या पोरानं निदान इचारलं तरी," ते म्हणाले. "दिसभर इचारत व्हता. लय बरं वाटलं व्हतं मला."

मी पेन खाली ठेवलं. सकाळपासूनचा सगळा राग अंगात तसाच होता, पण तो काढावा असं समोर कोणी उरलं नव्हतं. त्या लेखकानं खोटं लिहिलं होतं, हे खरंच होतं. पण बाबांना बारा वर्षांपूर्वी एका दुपारी जे मिळालं ते त्यानं दिलं होतं, मी नाही. आणि आज सकाळी शेजारीण बोलवायला आली तेव्हाही त्यांना शेतात यायचं होतं का, हे मी विचारलं नव्हतं.

ऊन खरोखरच भिंतीकडे गेलं होतं. मी बाज उन्हात ओढली आणि खाली पायरीवर बसले. पन्नाशीच्या बाईनं बापाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा? मला एकच सुचला, तो पुस्तकातल्यासारखाच होता.

"बाबा, पहिल्या दिवशी भीती वाटली व्हती का?"

"वाटली की. लय वाटली."

"पाण्याची?"

"गंगेची कवाच न्हाई वाटली," ते म्हणाले. "पलीकडच्या गावची वाटायची. तिथल्या टपाल मास्तरच्या घरातच हाफिस व्हतं. थैली ओट्यावर घ्यायचे. मला न्हाई."